बैलं वाचली का, असं विचारणाऱ्या मुलास

चि. बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव मला ठाऊक आहे, पण चारचौघांत घेत नाही, तू संकोचशील. मला मात्र तू लगेच ओळखशील. कराडची काकू, नवरा एसटीचा रिटायर ड्रायव्हर, आणि रात्रभर तुमच्या त्या झोपेच्या तपासणीच्या खोलीतल्या बाकड्यावर अवघडून बसलेली. एकेरीत लिहितेय म्हणून राग मानू नकोस. ‘काकू’ म्हणालास तेव्हाच तो हक्क मिळाला मला.

आधी तक्रार करून घेते, मग आभार मानते. नाहीतर ती घशाशीच राहील.

ह्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे असं कळल्यावर सगळे फक्त हातापायांबद्दल बोलले. थरथर किती, पाय घासतो का, शर्टाची बटणं लागतात का. रात्र कशी जाते, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी मीच सांगायला लागले, की हे झोपेत लाथा झाडतात, हात उगारतात, माझ्या नडगीवर काळंनिळं पडलंय. एक डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, ‘वय झालं की व्हायचंच.’ दुसऱ्यांनी मला वेगळ्या खोलीत झोपायचा सल्ला दिला. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात मुलगा, सून, नातू. वेगळी खोली काय गच्चीवर बांधायची? तिसरे तर थोरच निघाले. ‘मनात काही साठलंय का? संसार सुखाचा झाला ना?’ हे मला विचारलं, ह्यांच्यादेखत, जसं काही हे तिथे नव्हतेच.

नातेवाइकांचं तर विचारूच नकोस. एकीने अमावास्येला नारळ उतरवून टाकायला लावला. नणंदबाई म्हणाल्या, “दादा असा नव्हता हो कधी.” आता यात दोष कुणाकडे जातो ते मला कळत नाही होय?

मार मला बसत होता, पण खचत हे होते. सकाळी माझ्या दंडाकडे बघायचे आणि चहा तसाच ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. उभ्या संसारात बायकोवर कधी हात न उचललेला माणूस हा. एकदा रात्री पाणी प्यायला उठले, दिवा लावला, तर ह्यांनी उजवं मनगट पंचाने पलंगाच्या दांडीला बांधून घेतलं होतं. एका हाताने, तोही थरथरता, गाठ मारायची तर दुसरं टोक दातांत धरावं लागतं. पंचाचं ते टोक ओलं होतं. सोडायला गेले तर म्हणाले, “राहू दे.” हे मी मुलाला अजून सांगितलेलं नाही. आता वाचेल तेव्हा कळेल त्याला.

मग कुणाच्या ओळखीने पुण्याला आलो, झोपेची तपासणी ठरली, ते सगळं राहू दे. डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा चिकटवून तू ह्यांना झोपवलंस आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसलास. पहाटे ह्यांनी आरोळी ठोकली.

दिवसा ह्यांचं बोलणं ऐकायचं तर कान ओठांशी न्यावा लागतो. झोपेत मात्र तोच जुना खणखणीत आवाज, कराड स्टँडवर गाडी मागे घेताना ‘ए, सरका!’ म्हणणारा. खरं सांगू? लाथ बसायची तेव्हासुद्धा तो आवाज ऐकून मला क्षणभर बरं वाटायचं. हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. तू नंतर म्हणालास, की ह्या आजारात असं बऱ्याच जणांचं दिसतं, दिवसा जखडलेलं अंग आणि आवाज झोपेतल्या त्या स्वप्नात मोकळे होतात. तेव्हा कुठे मला वाटलं, की मी वेडी नाही.

तर तू आलास. मोठा दिवा न लावता छोटा लावलास. गळ्याशी आलेली तार सोडवलीस, स्टूल ओढून ह्यांच्या तोंडासमोर बसलास आणि विचारलंस, “काका, काय दिसलं?”

सवयीने मी तोंड उघडलं. ह्यांच्या वतीने बोलायची मला सवयच लागलीय, कारण सगळे मलाच विचारतात. ह्यांना भूक लागलीय का, ह्यांना शौचाला झाली का, ह्यांना साखर चालते का. तू माझ्याकडे न बघता नुसता तळहात वर केलास, आणि थांबलास. पार्किन्सन्सच्या माणसाजवळ उत्तर असतं, ते ओठांवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा पुढचा प्रश्न विचारून मोकळा होतो. तू घड्याळ बघितलं नाहीस, ‘हं, बोला’ करून घाईही केली नाहीस.

“बैलगाडी,” हे म्हणाले.

“कुठं?”

“पाचवड सोडलं… भुईंजच्या अलीकडं. उसाची. मागं कंदील न्हाय.”

“गाडी कुठली तुमची?”

“कराड-मुंबई. रातराणी.”

“मग?”

“ब्रेक मारला.”

आणि तू विचारलंस, “बैलं वाचली का?”

पार्किन्सन्सने चेहरा कसा मख्ख होतो ते तुला सांगायला नको. पण ह्यांच्या डोळ्यांत काय झालं ते मी बघितलं. बराच वेळ घेतला त्यांनी. मग म्हणाले, “वाचली.”

माझी नडगी ह्यांचा ब्रेक होती, एवढंच! इतकी वर्षं मी लाथा मोजल्या, ह्यांनी पापं मोजली, आणि हा बाबा रात्रभर साखर कारखान्याच्या रस्त्याने लोकांची बैलं वाचवत होता. स्वप्नात काय होतं हे कुणी विचारलंच नव्हतं रे. मीसुद्धा विचारायची ती ‘असं का करता?’ एवढंच.

सकाळी केसांतला तो चिकट लेप कोमट पाण्याने पुसून काढताना तू जे समजावलंस ते मला अजून तोंडपाठ आहे. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू ढिले करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच असतो. ह्यांच्या मेंदूतली ती व्यवस्था बिघडलीय, त्यामुळे स्वप्नातलं सगळं अंगावर येतं. मी अजून विचारच करत होते, तोवर हे पुटपुटले, “इंजिन चालू, पण गाडी न्यूट्रलला पायजे. माझी गिअरात राहती.” तू टाळी द्यायला हात पुढे केलास आणि ह्यांचा हात पोचेपर्यंत तसाच धरून ठेवलास.

फ्रान्समधल्या मिशेल जुव्हे नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट तूच सांगितलीस. त्याने मांजरांच्या मेंदूतली स्नायू ढिले करणारी नेमकी ती जागा निकामी केली, तर मांजरं स्वप्नांच्या त्या झोपेतच उठून समोर नसलेल्या सावजावर झडप घालायला लागली. माणसांतला हा विकार अमेरिकेत मिनियापोलिसच्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये मांडला. हाताला कंप सुटायच्या कितीतरी वर्षं आधीपासून तो असू शकतो, हेही तू म्हणालास. खरं आहे. हे नोकरीत असतानाच झोपेत ओरडायचे, ड्यूटीचा शीण म्हणून घरात त्याचे किस्से व्हायचे. आता मला सांग, १९८६ पासून जगाला माहीत असलेली गोष्ट, आणि मला विचारतात संसार सुखाचा झाला का! ज्यांनी विचारलं त्यांची फी मी रोख मोजलीय.

मोठ्या डॉक्टरांनी रात्री क्लोनाझेपामची अगदी कमी ताकदीची गोळी सुरू केली आणि तोल जातोय का त्यावर डोळा ठेवायला सांगितलं. (वाचणाऱ्यांपैकी कुणी ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये. एकाची गोळी दुसऱ्याला पाडते.) पलंग भिंतीला लावला, उघड्या बाजूला खाली गादी टाकली, उशाशी असलेलं स्टूल आणि पितळी तांब्या हलवला. माझी कॉट आता ह्यांच्या पायाच्या टप्प्याबाहेर आहे, पण त्याच खोलीत. आरोळ्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. ओरडून जागे झाले की मी विचारते, “बैलं वाचली का?” कधी वाचतात. कधी बैल नसतातच, कुत्री मागे लागलेली असतात. नातू तर सकाळी उठल्या उठल्या विचारतो, “आजोबा, आज काय आडवं आलं?” आणि आजोबा सांगतात. चहा घेत घेत, सावकाश. पंचा आता खांद्यावर असतो.

तुझ्यासारखी माणसं आजवर भेटली नाहीत असं नाही. आमचा मेडिकलवाला ह्यांच्या पार्किन्सन्सच्या गोळीची, सिंडोपाची, पट्टी संपायच्या आत आठवणीने मागवून ठेवतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी इतक्या आरोळ्या ऐकूनही तक्रार घेऊन आल्या नाहीत, आल्या त्या भाकरी-पिठलं घेऊन. पण ही माणसं आमची ओळखीची. तुला तर आम्ही म्हणजे त्या रात्रीचा एक पेशंट आणि सोबतचं माणूस. तू रात्री कितीजणांना तारा लावत असशील. पगार तारा लावायचा मिळतो, बैलांची चौकशी करायचा नाही. ज्यांनी करायला हवी होती त्यांच्या केबिनबाहेर पाट्या केवढ्या मोठ्या असतात! असो. सगळ्याच मोठ्यांना एका माळेत ओवत नाही, गोळी देणारे डॉक्टर भले आहेत. तेही पहिल्यांदा माझ्याशीच बोलले, तेवढं सोडलं तर.

आता कामाचं. निघताना तू विचारलं होतंस, की त्या रात्रीचं चित्रण नव्या मुलांना शिकवायला दाखवलं तर चालेल का. तेही ह्यांना विचारलंस, मला नाही. ह्यांचं उत्तर यायला जरा उशीर झाला, पण आलंय. चालेल. दोन अटी आहेत. चेहरा दिसला तरी हरकत नाही, पण ती कराड-मुंबई रातराणी होती हे सांगायचं. आणि मुलं हसली तर हसू द्यायची, मग बैलं वाचल्याचंही सांगायचं. संमतीचा कागद पोस्टाने पाठव. ह्यांची सही हल्ली मुंगीएवढी येते आणि शेवटाकडे आणखी बारीक होत जाते, ती चालेल ना, तेवढं तुझ्या वरिष्ठांना आधी विचारून ठेव. अंगठा द्यायला हे तयार नाहीत.

तुझी,
कराडची काकू