यंदापासून टेंडर भरायचं नाही असं ठरवलंय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबांचा आवाज चढतो, मग आई फोन काढून घेते आणि बोलणं भलतीकडे जातं. म्हणून लिहितेय. बाबा, सकाळची गोळी झाल्यावर निवांत बसून वाचा.

यंदापासून आपण सरकारी टेंडर भरणार नाही. शाळेच्या इमारतीच्या कामाची शेवटची तारीख परवा होती, मी भरलं नाही. सरकारी ठेकेदार म्हणून असलेली नोंदणी रद्द केलेली नाही, उलट मुदत वाढवून घेतलीय. ठेकेदारीतला तुमचा वर्ग कायम आहे. उद्या बिलं वेळेवर निघायला लागली तर दार उघडंच आहे.

एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव सोडून देतेस का, असं तुम्हाला वाटणार. नाव सोडत नाही, बाबा. त्याच नावावर मला शिरोलीच्या फाउंड्रीच्या शेडचं काम मिळालं. मालकांनी दुसरं कोटेशनसुद्धा मागवलं नाही. "त्यांच्या हाताखाली शिकलीस ना, मग झालं," म्हणाले.

हिशेब तुमच्याच पद्धतीनं मांडते. एक कोटीचं काम १५ टक्के बिलो, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा तेवढं कमी दरानं घेतलं की हातात ८५ लाखांचं काम येतं. सगळं नीट पार पडलं तर नफा म्हणून ८ टक्के सुटतात, म्हणजे ६ लाख ८० हजार. बिलाचे ४० लाख दीड वर्ष अडकले आणि कॅश क्रेडिटचा, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचललेल्या पैशांचा दर ११ टक्के असला, तर व्याजच ६ लाख ६० हजार होतं. दीड वर्ष राबून उरले २० हजार. शिवाय बिल काढलं की पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावाच लागतो, आणि इमारतीच्या सरकारी कामावर तो जुलै २०२२ पासून १२ चा १८ टक्के झालाय. दोष दायित्वाची, म्हणजे कामात निघालेले दोष आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत संपेपर्यंत अनामत तिकडेच अडकलेली. हा बोजा तुमच्या वेळी असा नव्हता, म्हणून तुमचं गणित तेव्हा बरोबरच होतं. आज तेच गणित मांडलं तर आपल्याला पोसणारं काहीच उरत नाही.

आता फक्त खाजगी कामं घेतेय. बंगले, शेड, मशीनचे फाउंडेशन. करारातच टप्पे लिहून घेते: सुरुवातीला आगाऊ रक्कम, मग प्लिंथला, म्हणजे जोत्याला, प्रत्येक स्लॅबला, गिलाव्याला. टप्प्याचे पैसे आल्याशिवाय पुढच्या स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे साचा लागत नाही. मालकानं मध्येच भिंत हलवायला सांगितली तर त्याचा दर आधी कागदावर, सही झाली की मगच हातोडा. सुरुवातीला लोकांना हे जड वाटतं, पण काम संपताना हिशेबावरून भांडण होत नाही, त्याचं समाधान दोघांनाही असतं. आणि एका वेळी तीनच साइट. चौथं काम कितीही मोठं असलं तरी थांबायला सांगते, कारण ज्या साइटवर मी रोज जाऊ शकत नाही तिथला नफा सळईच्या तुकड्यांत आणि वाया गेलेल्या मालात जातो.

सळईवरून सांगते. आठवीत असताना तुम्ही मला वहीच्या मागच्या पानावर शिकवलं होतंत, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ मिमीची १२ मीटरची कांब साधारण १०.६६ किलो. आजही ट्रक आला की मी बंडलातल्या कांबा मोजते, सूत्रानं वजन काढते आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघते. सळई तोडायच्या आधी कटिंगची यादी बारबेंडरच्या हातात असते, लांब तुकडा रिंगांसाठी बाजूला पडतो. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आहे म्हणून स्लॅबला दहा दिवस पाणी, यात कुणाचं ऐकत नाही. गेल्या आठवड्यात उजळाईवाडीच्या बंगल्यावर स्लॅबवर आळी करून पाणी भरलं, आणि त्यात कागदाच्या होड्या सोडायचा मोह झाला. तुम्ही मला एम-८० वर पुढे उभं करून साइटवर न्यायचात, आळ्यांत होड्या सोडू द्यायचात, आणि मुकादममामा स्वतःच्या डब्यातली भाकरी मला द्यायचे. ते मामा आजही आपल्याकडेच आहेत. टेंडर सोडलं म्हणून एकही माणूस कमी केलेला नाही. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारे ९० दिवसांचे दाखले मी सगळ्यांना स्वतः दिलेत.

आता आईसाठी. सातबाऱ्यावरचा बोजा उतरतोय. कॅश क्रेडिटची मर्यादा निम्मी केली, त्यासाठी शेत तारण ठेवायची गरज उरली नाही, फेरफार झाला की उतारा पाठवते. आई, शनिवारचा पगार तुझ्या पाटल्यांवर कधी भागला होता हे मला माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस. माझ्या धंद्यात तो शनिवार पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठीच हे सगळं चाललंय गं.

तुमच्या खर्चाला कुठेही हात लागणार नाही. पहिल्या तारखेला पैसे खात्यावर येतील, नेहमीपेक्षा थोडे जास्तच. स्वयंपाकाच्या मावशींना सोडायचं नाही, "दोघांचं काय एवढं" हे कारण मला सांगू नकोस. पावसाआधी गवंडी पाठवतेय. मागच्या खोलीचा कोबा काढून खरखरीत फरशी बसवायची, बाथरूममध्ये कमोड आणि भिंतीला धरायची दांडी. मोजमापं मामा घेऊन गेलेत. बाबा, तिथे उभं राहून सूचना द्यायला हरकत नाही, पण खुर्चीवर बसून. परांचीवर चढायचं नाही, वाळूची पाटी उचलायची नाही, स्टेंटला अजून वर्ष झालेलं नाही. रक्त पातळ होण्याची गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आईनं गुडघ्याचा एक्स-रे याच आठवड्यात काढून घ्यायचा.

मी वेळेवर जेवते, डबा घरचाच असतो, उन्हात टोपी घालते. काळजी करू नका.

पुढच्या रविवारी आजऱ्याला येतेय. शिरोलीच्या शेडचं नकाशासकट अंदाजपत्रक आणते. बाबा, दर तपासून द्या, विशेषतः फाउंडेशनच्या खोदाईचा. तिथे मुरूम किती खोल लागेल याचा अंदाज तुमच्याइतका मला अजून येत नाही. आणि आई, घनसाळचे तांदूळ थोडे बाजूला काढून ठेव.

तुमची,
छोटी