माहिती अधिकाऱ्याचे नाव फलकावर खरे तरी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माहितीच्या अधिकाराविषयी पेपरात येते ते बहुतेक मोठ्या प्रकरणांचे. कुठला गैरव्यवहार बाहेर आला, आयोगाने कुणाला दंड केला, वगैरे. मला लिहायचे आहे ते त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीबद्दल, म्हणजे अर्जाच्या पहिल्या ओळीबद्दल. ‘प्रति, जन माहिती अधिकारी’ (म्हणजे मागितलेली माहिती देण्यासाठी कार्यालयात नेमलेला अधिकारी) एवढे टाइप केल्यावर पुढे कुठले कार्यालय लिहायचे, हे आमच्या तालुक्यात कुणी धड सांगत नाही.

माझे पंचायत समितीच्या रस्त्याला झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. प्रतिज्ञापत्रे, वारसनोंदीचे अर्ज, रेशनकार्डात नाव वाढवणे, यांच्या जोडीला माहिती अधिकाराचे जोडपत्र ‘अ’, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, माझ्याकडे सारखे टाइप होत असते. ते घेऊन येणारी माणसे कार्यकर्ते क्वचितच असतात. कुणाचे घरकुल अडलेले असते, कुणाच्या शेताकडचा पाणंद रस्ता कागदावर झालेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात वाडीवरच्या एक मावशी आल्या. म्हणाल्या, “ताई, आमच्या नळाला पाणी का येत न्हाई, त्ये इचारायचंय सायबाला.” कुठल्या साहेबाला, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ग्रामपंचायतीत त्यांना सांगितले होते, जल जीवन मिशनची योजना जिल्हा परिषदेची, आमच्याकडे कागद नाहीत. पाणीपुरवठ्याच्या उपविभागात सांगितले, निविदा साताऱ्याहून निघाली, तिकडे जा. जिल्ह्याला जायचे म्हणजे एसटीला अर्धे तिकीट असले तरी दिवसाची मजुरी बुडते. शिवाय तिथे पोचल्यावर कुठल्या मजल्यावर कुणाला भेटायचे, हा प्रश्न उरतोच.

माहिती अधिकाराच्या कायद्यात यावर उत्तर आहे. कलम ६(३) प्रमाणे अर्ज चुकीच्या कार्यालयात आला, तर त्या कार्यालयानेच तो ५ दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवायचा आणि तसे अर्जदाराला कळवायचे. लिहिता न येणाऱ्याचे तोंडी म्हणणे लिहून घ्यायला मदत करणे हेही कलम ६ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याचेच काम आहे. ‘आमच्याकडे कागद नाहीत, तिकडे जा’ असे म्हणून माणसाला परत पाठवायची मुभा कुणालाच नाही. पण हे ज्याला सुनवायचे, तो माहिती अधिकारी कोण, हे कळले तर ना.

मावशींचा प्रश्नही बदलून घ्यावा लागला. ‘पाणी का येत नाही’ याचे उत्तर द्यायला अधिकारी या कायद्याने बांधलेला नाही. दप्तरी जे आहे ते दाखवायला मात्र बांधलेला आहे. म्हणून आम्ही वाडीच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती मागितल्या. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यात हे सगळे आरामात बसते. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडली की झाले.

मोजमाप पुस्तिका हा कागद प्रत्येक गावकऱ्याने एकदा तरी बघावा. किती व्यासाचा पाइप, कुठून कुठपर्यंत, किती मीटर, कुठल्या तारखेला मोजला, खाली कुणाची सही, सगळे त्यात असते. ग्रामपंचायत, उपविभाग आणि जिल्हा असा फिरून शेवटी अर्ज योग्य टेबलावर पोचला. पाने आली, तेव्हा त्यात वाडीच्या वरच्या आळीपर्यंत पाइप टाकल्याची नोंद होती. प्रत्यक्षात चर मारुतीच्या देवळापाशीच थांबलेला आहे, मावशी रोज तो ओलांडून हंडा आणतात. त्या पानाची झेरॉक्स घेऊन वाडीतल्या बायका ग्रामसभेत उभ्या राहिल्या आणि आता कामाची फेरमोजणी मंजूर झाली आहे. पानामागे २ रुपये दराने मिळालेल्या कागदांनी हे घडवले. म्हणूनच तिथपर्यंत पोचायची वाट इतकी आडरानातून जावी, याचा मला राग येतो.

कलम ४(१)(ख) मध्ये सतरा बाबी दिल्या आहेत. त्या प्रत्येक कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायच्या. त्यात कार्यालयाकडे कुठल्या प्रकारचे दस्तऐवज आहेत त्याची यादी आहे, अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आहे आणि माहिती अधिकाऱ्याचे नाव व पदनाम आहे. हे सगळे दरवर्षी अद्ययावत करायचे. कायदा संमत झाल्यापासून १२० दिवसांची मुदत होती, ती ऑक्टोबर २००५ मध्येच संपली. आपल्या महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, त्यासाठी अण्णा हजारेंनी उपोषणे केली.

आता ही नावे लिहिलेले आमच्याकडचे फलक बघा. एका कार्यालयात तो जिन्याखाली आहे आणि त्याच्यापुढे जुन्या नस्त्यांचे, म्हणजे फायलींचे, कपाट उभे केले आहे. ऑइलपेंटने लिहिलेले नाव ज्या साहेबांचे, ते बदलून जाऊन दोन साहेब होऊन गेले. मधल्या कुणाचे तरी नाव कॉम्प्युटरवर छापून वर चिकटवले होते, त्याचा अर्धा कागद फाटला आहे. त्यामुळे आडनाव एकाचे आणि नाव दुसऱ्याचे असे वाचले जाते. दूरध्वनीचा रकाना भरलेला आहे, पण तो लँडलाइन कधीच बंद झाला. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यापुढे नुसती रेघ आहे. संकेतस्थळावर जावे, तर सतरा बाबींची पीडीएफ आडवी स्कॅन केलेली, आणि जी नावे वाचता येतात त्यातले काही जण निवृत्त झालेले. त्यातच ग्रामसेवकाचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी. फलक जुनेच राहिल्याने लोक मला विचारतात, हे आणखी वेगळे साहेब आले का.

अपिलाच्या वेळी तर जास्तच आबाळ होते. ३० दिवसांत माहिती आली नाही किंवा अपुरी आली, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील करायचे. माहिती नाकारताना अपील कुणाकडे व किती दिवसांत करायचे, हे पत्रातच कळवणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी उत्तरांत ती ओळच नसते. काही ठिकाणी ‘वरिष्ठांकडे अपील करावे’ एवढेच लिहिलेले असते. कोण वरिष्ठ, कुठे बसतात? माणूस शोधत फिरतो आणि मुदत हातची जाते. दुसरे अपील आमच्या जिल्ह्याला राज्य माहिती आयोगाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे करावे लागते आणि तिथे सुनावणीला फार वेळ लागतो. फलकावरच्या एका ओळीने जे काम तालुक्यातच मिटले असते, ते वर्षाच्या वर लांबते.

कार्यालयातल्या लोकांच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. एकेका अधिकाऱ्याकडे दोन-तीन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार असतो. काही अर्जदार निव्वळ छळायला आणि पैसे उकळायला अर्ज करतात, ही त्यांची तक्रारही खरी आहे. पण अशा लोकांना प्रत्येक साहेबाचे नाव, मोबाइल नंबर, जेवायची वेळसुद्धा पाठ असते. जुना फलक त्यांना अडवत नाही. तो अडवतो वाडीवरच्या मावशींना.

वाचकांना एवढेच सांगेन की नाव मिळाले नाही म्हणून थांबू नका. अर्ज पदावर केला तरी पुरतो. ‘जन माहिती अधिकारी’ आणि खाली कार्यालयाचा पत्ता एवढे लिहा. कारण विचारले तर सांगायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये तसे स्पष्ट आहे. अर्ज हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मुदतीनंतर माहिती दिली तर तिचे शुल्क घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. पुणे महापालिकेने आधी सुरू केलेली सोमवारची पद्धत २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाली. त्याप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना दप्तर पाहता येते. आधी नस्ती डोळ्यांनी बघितली की नेमके कुठले पान मागायचे ते कळते आणि अर्ज चार ओळींत होतो.

जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. बदलीच्या आदेशावर कार्यभार हस्तांतराची सही होते, त्याच दिवशी फलकावरचे नाव बदलावे आणि ते बदलल्याची नोंद त्या हस्तांतराच्या कागदातच घ्यावी. फलक दारात, उजेडात, उभ्याने वाचता येईल असा लावावा. नंबर चालू असलेला, कार्यालयाचा द्यावा, साहेबांचा खासगी नको, म्हणजे बदली झाली तरी तो तसाच राहील. अपिलीय अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि पत्ता त्याच फलकावर असावा. कोणत्या कामाचा कागद कोणत्या कार्यालयात मिळेल, याचा एक तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. पाणीयोजना, रस्ते, घरकुल, रोजगार हमी आणि शाळाखोल्या एवढे पाच विषय घेतले तरी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे काम भागेल.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. आपले प्रतिनिधी प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना एका आठवड्यात आपापल्या तहसील, पंचायत समिती आणि नगरपालिकेतल्या माहिती अधिकाराच्या फलकाचा फोटो काढायला सांगावे, त्यावरचा नंबर लावून बघायला सांगावे, आणि जे दिसेल ते तालुकावार छापावे. आमच्या तालुक्यातले कार्यालय कुठले, हे मी मुद्दाम लिहिलेले नाही. ते त्या फोटोंत आपोआप येईल.

आपली विश्वासू,
झेरॉक्स व टायपिंगचे दुकान चालवणारी एक वाचक, जि. सातारा
(नाव व पत्ता आपल्याकडे वेगळा दिला आहे, कृपया छापू नये.)