किड्यांसाठी १८० च घे बे

काय बे दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, पण हे काही मोबाईलवर दोन ओळीत सांगायचं प्रकरण नाही म्हणून निवांत पत्रच लिहून राहिलो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, १०० एमएमची घेऊ का १८० ची, हाच प्रश्न ना तुझा? पुण्यात गॅलरीतल्या कुंडीतली फुलं काढायची असतील तर १०० झकास आहे, हलकी, पोर्ट्रेटलाही चालते. पण तू म्हणतो किडे काढायचे आणि तेही इकडे वावरात येऊन, मग १८० घे. नवी परवडत नसेल तर सेकंडहँड पाहा, फक्त काचेत टॉर्च मारून बुरशी तपासून घे, आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लवकर लागते.

पहिले एक गोष्ट डोक्यातून काढून टाक की १८० नं किडा मोठा दिसते. नाही दिसत. दोन्ही लेन्सा वन-इज-टू-वनच आहेत, म्हणजे किडा जेवढा तेवढाच सेन्सरवर, सगळ्यात जवळून काढला तर किडा सेन्सरवर दोन्हीत सारखाच उमटते. फरक आहे तो अंतराचा. कॅटलॉगात मिनिमम फोकस लिहिलेलं असते ना, १०० ला ३० सेंटिमीटरच्या आसपास, ते सेन्सरपासून मोजतात, त्यातून बॉडी अन् लेन्सची लांबी गेली की काचेपुढं वीतभरही जागा उरत नाही, पंधरा सेंटिमीटर धर, हूड लावलं की तेही कमी. कॅननची १८० म्हणजे १९९६ ची जुनी डिझाईन, पण काच अजूनही एक नंबर, तिचं मिनिमम ४८ सेंटिमीटर आणि पुढं चोवीस-पंचवीस मोकळे राहतात. दहा सेंटिमीटरनं काय फरक पडते म्हणशील, तर टाचणी (चतुरासारखा बारीक किडा) बसून राहते का उडून जाते हे त्या दहा सेंटिमीटरवर ठरते. शिवाय इतक्या जवळ गेलं की आपली नाहीतर लेन्सची सावली किड्यावर पडते, अन् सावली पडली की संपलं.

पण उडून जाते हा मुद्दा मला आता दुय्यम वाटते. मोठी गोष्ट ही की दुरून काढलं की किडा आपलं काम सोडत नाही. आमच्या धुऱ्यावर एक रॉबर फ्लाय आहे, वाळक्या काडीच्या टोकावर बसते, उडून हवेतच माशी पकडते आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर येऊन तिला शोषत बसते. चतुरांमध्येही बरेच असे आहेत, ठरलेली जागा धरून बसणारे. तर त्यांच्या मागं पळायचंच नाही, काडी पाहून ठेवायची, ट्रायपॉड लावायचा आणि वाट पाहायची. लोकं मात्र पाहून हसतात. परवा मी आडवा पडून असताना एक म्हातारबाबा विचारतात, "काय गा, पैसे पडले काय?"

आता त्रासाचं सांगतो. वन-इज-टू-वनला लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-११ एवढं बारीक केलं तरी सव्वा मिलिमीटर एवढंच शार्प येते, आणि हे दोन्ही लेन्सांना सारखंच, त्यामुळे १८० ची डेप्थ कमी म्हणून कोणी घाबरवलं तर ऐकू नको. बॅकग्राउंड मात्र खरंच वेगळी येते, अँगल अरुंद असल्यानं चार बोटं इकडे-तिकडे सरकलं की मागची पांढरी दगडं फ्रेमच्या बाहेर आणि हिरवंगार प्लेन मैदान. शिवाय एवढ्या जवळ प्रकाश दोन स्टॉप खाल्ला जातो, म्हणजे पावच उरते, लेन्स किलोभराची, कॅननवालीत स्टॅबिलायझर नाही, म्हणून ट्रायपॉड पाहिजेच. लेन्स ट्रायपॉडला बसवायची कडी, म्हणजे कॉलर, सोबत येते, ती लावली की कॅमेरा आडव्याचा उभा करता येते अन् फ्रेम हलत नाही. ऑटोफोकस मंद आहे, पण एवढ्या जवळून तो वापरते कोण, हातानंच फोकस करायचं. अन् सगळ्यात वाईट म्हणजे वारा. त्यावर उपाय असा की एक तुराटी जमिनीत खोचायची आणि कपड्याच्या चिमट्यानं गवताची काडी तिला धरून ठेवायची. बाजारात असली क्लिप महागात मिळते म्हणे.

गावातल्या लोकांचा इंटरेस्ट वेगळाच, त्यांना एकच विचारायचं असते, "अळी दिसली का?" मग मी पऱ्हाटीतली (कपाशीतली) डोमकळी दाखवतो. गुलाबी बोंडअळीनं आतून पाकळ्या लाळेच्या धाग्यानं शिवून टाकलेल्या असतात, म्हणून ते फूल उमलतच नाही. पण खरी मजा ढालकिड्याच्या अळीची आहे. ढालकिडा पोट्टेही ओळखतात, त्याची अळी मात्र काळपट, काटेरी, त्याच्याशी काही नातं वाटत नाही, लोकं तिला कीड समजून फवारणीला पळतात. मी फूटभर लांबून तिचा मावा खातानाचा फोटो काढला आणि शेजारच्या काकांना मोबाईलवर पाठवला, तिच्या तोंडात मावा स्पष्ट दिसून राहिला. काका म्हणाले, "मंग हिले कायले मारतो आपण?" क्रायसोपा या मित्रकिड्याची अंडीही अशीच, पानाखाली केसासारख्या दांड्यावर एकेक उभी, साध्या डोळ्याला बुरशी वाटते.

एक सिरियसली सांगतो. फवारणी झालेल्या पऱ्हाटीत शिरायचं नाही, कोपरावर सरपटत फोटो काढायचे तर अजिबातच नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-मजूर गेले ते तुला माहीतच आहे. येशील तेव्हा कोणाच्या वावरात कधी मारलं ते विचारून मगच जाऊ.

वेळ विचारशील तर मे मध्ये येऊ नको बाबा, पंचेचाळीस डिग्रीत किडे नाहीत आणि आपणही नाही. पावसाळ्यात ये, नाहीतर दिवाळीनंतर दवाच्या दिवसात. थंडीत सकाऊन चतुर गारठलेले असतात, ऊन लागून अंग गरम झाल्याशिवाय उडत नाहीत, पंख थरथरायला लागले की समज आता निघाला. पावसाळ्यात वावरावर थव्यानं गरगर फिरणारे पिवळे चतुर असतात ना, ते दिवसभर क्वचितच बसतात, त्यांनाही पहाटेच काडीला लटकलेलं गाठायचं. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलं की हेच चतुर भारतातून हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेत जातात. तेव्हापासून त्यांना पाहायची माझी नजरच बदलली, एवढासा जीव अन् एवढा पल्ला.

बजेट जमलंच नाही तर घाई करू नको. तुझ्याकडे ७०-३०० झूम आहेच, तिच्या पुढं +२ चा चांगला क्लोज-अप फिल्टर लाव. फोकस अनंतावर असला तरी अर्ध्या मीटरवरचा किडा शार्प येते, आणि ३०० वर साधारण ०.६ पट मॅग्निफिकेशन मिळते. फुलपाखरं अन् चतुरांना तेवढं भरपूर झालं. रुईवरचं बिबळ्या कडवा हे फुलपाखरू मी सुरुवातीला असंच काढायचो. फक्त स्वस्तातला एका काचेचा घेऊ नको, कडांना जांभळी रेघ येते, दोन काचांचा अॅक्रोमॅट घे.

लेन्सचं ठरलं की कळव, आणि येण्याच्या आदल्या दिवशी फोन कर, दारव्ह्याच्या स्टँडवर घ्यायला येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
दोस्त