कल्पना आणि लेथ एकाच छपराखाली

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा पार्ट तिसऱ्यांदा चुकीचा बनून आला हे काल फोनवर ऐकलं आणि रात्रभर मला अमेरिकेतलं ते वेस्ट ऑरेंजच आठवत राहिलं. गेल्या वर्षी तू आम्हाला एडिसनची ती प्रयोगशाळा दाखवलीस. आई आवाज टिपून परत ऐकवणाऱ्या फोनोग्राफांपाशी रमली, मी मात्र मशीन शॉपमधून हललोच नाही. छताला शाफ्ट, त्यावरून उतरणारे पट्टे, खाली रांगेनं लेथ, म्हणजे धातू फिरवून कातणारी यंत्रं. जन्मभर टर्नरचं काम केलेल्या माणसाला ते देवघरच वाटलं गं!

१८८७ साली बांधलेली ती मुख्य इमारत तीन मजली, २५० फूट लांब. शेजारच्या चार बैठ्या इमारतींत रसायनशाळा, ओतकामाचे नमुने बनवणारं पॅटर्न शॉप वगैरे. स्टोअरमध्ये धातूंपासून कातडी-शिंगांपर्यंत सगळा साठा, म्हणजे सामानासाठी काम अडायला नको. आणि कल्पना सुचली की ती घडवणारे हात चार पावलांवर. मला त्या जागेचं मर्म हेच वाटतं.

त्याआधीची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तर तुमच्याच एडिसन गावात होती. १८७७ साली तिथे एडिसननं एक रेखाटन करून जॉन क्रूसीच्या हाती दिलं. क्रूसी मूळचा स्वित्झर्लंडचा, कसबी यंत्रकारागीर. त्यानं पितळी सिलिंडर, आट्याचा दांडा आणि हँडल असं पहिल्या फोनोग्राफचं यंत्र बनवलं. सिलिंडरवरची खाच आणि दांड्याचा आटा यांचा पिच, म्हणजे दोन फेऱ्यांमधलं अंतर, जुळला नसता, तर सुई खाच सोडून भलतीकडेच गेली असती. सिलिंडरवर गुंडाळलेल्या कथलाच्या वर्खावर एडिसननं बालगीत म्हटलं आणि यंत्रानं ते परत ऐकवलं. शाळेत आपण फक्त एडिसनचं नाव शिकलो. क्रूसीचं नाव कुणी घेतलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. तिथून कागद खाली यायचा, माणूस यायचा नाही. चुकलेला जॉब भंगारात जायचा आणि बोलणी आम्ही खायचो.

म्हणून सांगतो, तुमच्या वर्कशॉपमधल्या त्या म्हाताऱ्या मशिनिस्टला मेल पाठवू नकोस. ड्रॉइंग घेऊन स्वतः जा, तो काम करत असेल तर थांब. कुठलं माप सांभाळणं अवघड आहे ते त्यालाच विचार. तिकडे इंचात काम चालतं, तुझी मापं मिलिमीटरमध्ये असतील, तेही आधी बोलून घे.

तो काय म्हणाला ते कळव.

तुझे बाबा