कुलाब्याच्या खडकावर भेटलेल्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अलिबागचं कुणी हे वाचत असेल आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्याच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या, हिरव्या लुगड्यातल्या मावशी ओळखीच्या असतील, तर एवढं त्यांना वाचून दाखवा.

फाल्गुनातली संकष्टी होती. परीक्षा संपवून आम्ही पाच मैत्रिणी पुण्याहून आलो होतो. सकाळी ओल्या वाळूवरून चालतच किल्ल्यात गेलो. सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं, समुद्राच्या मधोमध असलेल्या त्या विहिरीचं गोडं पाणी पाहिलं आणि मग शेजारच्या छोट्या किल्ल्याच्या, सर्जेकोटाच्या बाजूला तटाखाली रमलो. आमच्यातली एक भूगर्भशास्त्र शिकते. तिने काळ्या दगडातली बारीक भोकं दाखवली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक, आणि ती भोकं म्हणजे लाव्हा निवताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. तटाच्या चिऱ्यांमध्ये चुना नाही. नुसते दगडावर दगड रचलेत, म्हणजे पाणी फटींत शिरतं आणि लाटेचा जोर तिथेच जिरतो. आम्ही फटींत हात घालून बघत बसलो. घोडागाड्या कधी परतल्या, कुणालाच कळलं नाही.

निघालो तेव्हा खडकांतच तिचा पाय शेवाळावरून घसरला आणि तळवा कालवांच्या शिंपल्यांवर चिरला. रक्त थांबेना. समोर पाहिलं तर सकाळची वाळू पाण्याखाली गेलेली.

तुम्ही लांब होतात. हाक आम्ही मारलीच नव्हती, सुचलंच नाही. तुम्हीच हातातलं काम टाकून आलात. जखमेत अडकलेली शिंपल्याची कपची नखाने काढलीत, डोक्यावरचा फडका फाडून पाय घट्ट बांधलात आणि तिला म्हणालात, “पोरी, पाण्यात पाय उचलू नको. घसटत चल.” तिचा दंड तुमच्या खांद्यावर, बाकीच्या चौघी एकमेकींचे हात धरून मागे. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. कुठे खड्डा आहे, कुठे वाळू टणक आहे, हे तुम्ही पाण्याकडे न बघता सांगत होतात. मी इतकी घाबरले होते की फक्त तुमच्या पाठीकडे बघत चालले.

किनाऱ्यावर तुम्ही रागावला नाहीत. बोटांवर हिशेब शिकवलात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. आज चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी ३ ला पाणी पूर्ण भरणार आणि सकाळी ९ ला पूर्ण सुकणार. ९ नंतर पाणी वळतंच, मग किल्ल्यात रेंगाळायचं नाही. आता आमच्या पाचही जणींच्या तोंडी हा हिशेब आहे. अष्टमी असेल तर ६, हे आम्ही बसमध्ये एकमेकींना विचारत आलो.

पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलात आणि “आधी डाक्टरकडं न्या तिला” म्हणालात. त्या गडबडीत तुमची पाटी मी पाहिली. अर्धीसुद्धा भरली नव्हती. कालवं फक्त ओहोटीतच निघतात, पाणी चढलं की त्या दिवसाचं काम संपलं, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. त्या दिवसाची तुमची कमाई आमच्यापायी पाण्याखाली गेली आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मावशी, त्यासाठी तुमचे आभार. ते तेव्हाच, तिथेच मानायला हवे होते.

तिच्या तळव्याला सात टाके पडले. आता ती नीट चालते. तुमच्या फडक्याचा तुकडा तिने धुऊन ठेवलाय, डाग मात्र निघाला नाही. दिवाळीनंतर आम्ही पाचही जणी येतोय, तिथी बघून, पाणी सुकायच्या आत. नवा फडका आणतोय. आणि तुम्ही दाखवलंत तर खडकावर तुमच्या शेजारी बसून ती राहिलेली पाटी भरून द्यायची आहे.

तुमची,
मागून तिसरी चालणारी मुलगी