मणका जुळतो, मज्जारज्जू नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत मणका तुटलेले रुग्ण पुन्हा चालणार, अशी बातमी होती. अंक आमच्या दारात पडायच्या आधीच तीन नातेवाइकांनी तिचा फोटो माझ्या धाकट्या भावाला पाठवला होता. सहा वर्षांपूर्वी आंबे काढताना तो कलमावरून पडला. तेव्हापासून कमरेखाली ना हालचाल, ना स्पर्श.

मथळ्यात मुळात शब्दच चुकला आहे. मणका म्हणजे हाड. भावाचा मणका स्क्रू-पट्ट्या घालून काही महिन्यांत जुळला. मार बसला तो आतल्या मज्जारज्जूला, म्हणजे मेंदूचे निरोप खाली नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला, आणि तो जुळत नाही.

हातापायांतल्या नसांचं तसं नसतं. कोयतीने माझ्या मनगटाजवळची नस तुटली होती, डॉक्टरांनी ती शिवली. दर खेपेला ते नसेवरून टिचक्या मारत जायचे आणि झिणझिण्या कुठे येतात ते बघायचे. ती जागा महिन्याला दोनेक बोटं पुढे सरकायची. दिवसाला साधारण १ मिलिमीटर, असा त्यांचा हिशेब. बोटांच्या टोकांना स्पर्श कळायला सहा महिने गेले. भाऊ तेव्हा विचारायचा, "ताई, तुझी नस उगवते, मग माझी का नाही?"

याच प्रश्नावर १९८१ साली कॅनडात माँट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो या दोन शास्त्रज्ञांनी सुरेख प्रयोग केला. उंदराच्या पायाच्या नसेचा तुकडा त्यांनी मज्जारज्जूला पुलासारखा जोडला. रज्जूतले तंतू त्या पुलावरून चांगले तीनेक सेंटिमीटर वाढत गेले, पण पलीकडे पुन्हा रज्जूत शिरताच थांबले. म्हणजे वाढायची धमक तंतूंत थोडीफार होती, आजूबाजूची जमीनच त्यांना वाढू देत नव्हती. पुढे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी तंतूंवरच्या वेष्टणातली वाढ रोखणारी प्रथिनं शोधली. त्यातल्या एकाचं नावच नोगो, 'जाऊ नको'! शास्त्रज्ञांनाही विनोद सुचतो. शिवाय जखमेभोवती जो व्रण धरतो, तोही वाट अडवतो.

या नोगोला अडवणाऱ्या औषधाची युरोपात माणसांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४च्या अखेरीस आले. मानेत इजा झालेले सव्वाशेच्या आसपास रुग्ण होते आणि इजेनंतर ४ ते २८ दिवसांत औषध सुरू केलं होतं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर ठोस फरक दिसला नाही. ज्यांच्या रज्जूत काही तंतू शाबूत होते, त्यांतल्या काहींच्या हातांत थोडा फायदा दिसला. इजा पूर्ण असलेल्यांना नाही. चाळीसेक वर्षांच्या कामानंतर एवढं पुढे आलो, हे मला तरी थोडं वाटत नाही. पण यातून 'पुन्हा चालणार' असा मथळा निघत नाही. पाठीत विजेचं यंत्र बसवून रुग्णाला चालवतात तिथेही तुटलेले तंतू उगवलेले नसतात, उरलेल्यांकडून काम करून घेतलेलं असतं.

अशाच एका मथळ्यापायी आम्ही कलमांची बाग पाच वर्षांच्या कराराने दिली आणि त्या पैशांतून एका ठिकाणी स्टेम सेलची, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींची, तीन इंजेक्शनं घेतली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हे आम्हाला नंतर कळलं. या इंजेक्शनांच्या धावपळीत फिजिओथेरपी दोन महिने बंद पडली आणि प्रवासात बसून बसून बेडसोअर झाला. तो भरायला पावसाळा गेला. दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीच्या नळीची स्वच्छता, खांद्यांचा व्यायाम यांवर आपल्या पुरवणीत आजवर काही वाचल्याचं आठवत नाही.

यापुढे अशी बातमी छापताना चारच गोष्टी लिहाव्यात, ही विनंती: प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, इजा होऊन किती दिवस झाले होते, इजा पूर्ण होती की अर्धवट, आणि रुग्ण किती होते.

भावाने कात्रण वाचून एवढंच विचारलं, "यात माझ्यासारखे किती होते?" बातमीत तो आकडा नव्हता. आपल्या वार्ताहरांकडे असल्यास कृपया छापावा.

आपली,
एक वाचक, चिपळूण