दत्त्या, सईच्या हातात ट्रॅक्टर द्यावा का?

प्रिय दत्त्या,

तब्येती बऱ्या. आईची बीपीची गोळी चालू आहे, अनघाची पाठ थंडीत धरते, माझं काही नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि वहिनी शेजारी. यात तात्यांचा विषय निघणार. वडिलांच्या त्या अपघाताचं सगळं वहिनींच्या कानावर असं अचानक पडू नये म्हणून लिहितोय. वाचून झालं की त्यांना किती सांगायचं ते तू ठरव.

परवा पहाटे सईनं ट्रॅक्टर काढला. मी कारखान्यात रात्रपाळीला होतो. अनघाला सातच्या ड्यूटीसाठी साडेपाचला घर सोडावंच लागतं, सिरॅक्यूज शहर गाठायचं असतं. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा आमचा खडीचा उतार तू फोटोत पाहिलायस, त्यालाच तू आंबोलीचा घाट म्हणाला होतास. आदल्या दिवशी पाऊस झाला, रात्री तो गोठला, आणि त्यावर ऑन्टॅरिओ सरोवराकडून बर्फ आला. सरोवराचं पाणी अजून त्यामानानं उबदार असतं. गार वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि आमच्या टेकड्यांवर बर्फ करून टाकतो. सिरॅक्यूजलाच वर्षाला सरासरी दहा फुटांच्या वर पडतो, आम्ही तर आणखी उंचावर. म्हणजे वरून भुसभुशीत, पाय सहज रुततो, आणि खाली निव्वळ काच.

पोरीनं आईला उठवलं नाही. इंजिन गरम होऊ दिलं, डोक्यामागची लोखंडी कमान उभी असल्याची खात्री केली, पट्टा बांधला, फोर व्हीलचा लिव्हर टाकला आणि पुढच्या लोडरच्या बकेटनं बर्फ ढकलत निघाली. निम्म्या उतारावर बकेट भरलं, तिनं ते उचललं. सगळं वजन पुढं गेलं, मागची चाकं हलकी झाली. पुढचं तुला सांगायला नको. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना तोंड उचलतं म्हणून तुम्ही बॉनेटवर माणसं बसवता. इथं माणूस मागं बसवायला हवा होता. चाकं थांबलेली, ट्रॅक्टर चाललेला. मागचा भाग ओढ्याच्या बाजूला फिरायला लागला. आणि या पोरीनं उडी मारली नाही, घाबरून स्टिअरिंग गरागरा फिरवलं नाही. बकेट खाली टाकलं आणि दाबून धरलं. त्याची धार बर्फ फोडून खडीत रुतली आणि ट्रॅक्टर थांबला.

मग उरलेला रस्ता तिनं मागच्या पात्यानं हळूहळू ओढून काढला, अनघाला हात केला आणि शाळेच्या बसमध्ये जाऊन बसली. आईला एक अक्षर बोलली नाही.

मला ते खुणांवरून कळलं. मी गाडी खाली लावून चालत वर येत होतो. रस्त्याच्या कडेला टायरचे दोन तिरके पट्टे होते, नक्षी न उमटलेले, नुसते घासलेले. त्यांच्या पुढं बकेटनं खणलेली खोल रेघ. रेघेपासून ओढ्याचा काठ माझ्या चार पावलांवर. मी तिथं उभा राहिलो आणि मला खालचं खाचर दिसलं रे. चिखल, उलटा झालेला तात्यांचा तो निळा ट्रॅक्टर, आणि बांधावरून पळत येणारा तू. एवढ्या वर्षांनी, इतक्या लांब, असल्या थंडीत. हे अनघाला सांगितलं तर ती ऐकून घेईल, जवळ घेईल, पण तिनं ते पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस.

संध्याकाळी सईला विचारलं, बकेट टाकायचं कुणी शिकवलं? म्हणाली, कुणी नाही, थांबायला दुसरं काय होतं? मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडावं असं तिनं काही केलंच नव्हतं.

मग साखळ्या आणल्या. शेजारी एक म्हातारा डेअरीवाला आहे, त्याचा सल्ला घेतला. (तो तुझ्यासारखाच, आधी नाही म्हणणार, मग स्वतःच पाना घेऊन येणार.) तो म्हणाला, शिडीसारखी साधी साखळी घेऊ नकोस. तिच्या आडव्या ओळी लांब लांब असल्या की टायरच्या दोन उंचवट्यांमधल्या खाचेत जाऊन बसतात आणि जमिनीला धड लागत नाहीत. जाळीची घे. आडव्या ओळी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्या खाचेत पडत नाहीत आणि ट्रॅक्टर आडवा घसरतो तेव्हाही धरतात. आणि आधी मागच्या चाकांना, कारण ब्रेक मागच्याच चाकांना असतो. फोर व्हील टाकलेलं असेल तरच पुढची चाकं अडतात.

शनिवारी सई आणि मी बसलो. साखळी अंगणात पसरून पीळ काढला. आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवायची, नाहीतर टोकं टायर कापतात. गिअर न्यूट्रलला, बाकीच्या तिन्ही चाकांना ठोकळे, एक मागचं चाक जॅकवर. हवा थोडी सोडली, साखळी वरून टाकली आणि चाक हातानं फिरवत सारखी केली. आतला आकडा आधी लावायचा, तिथं हात जेमतेम पोचतो. सईचा पोचला. मग बाहेरचा, मग ताण, मग परत हवा. हवेनं साखळी आणखी आवळते. दारातल्या दारात पुढं-मागं चालवून पुन्हा ताणली, कारण पहिल्या फेऱ्यांत ती ढिली पडतेच.

खरी अडचण आतल्या बाजूला आली. साखळी आणि मागं अवजार जोडायच्या थ्री पॉइंटच्या खालच्या लिंकमध्ये बोट जाईना, मडगार्डलाही घासायला लागली. साखळी तुटून तिथं अडकली तर लिंक, पाइप, सगळंच जाणार. पुन्हा सगळं उतरवून चाक आणि हबच्या मध्ये स्पेसर टाकले. त्यानं ट्रॅक्टरचे पायही फाकले, थोडा जास्त घट्ट उभा राहतो आता. वजनासाठी मागच्या टायरमध्ये बीटाचा रस भरून घेणार आहे. हसू नकोस, इथं खरंच भरतात, साखर काढून उरलेला. पाण्यापेक्षा जड, आणि इथल्या थंडीत गोठत नाही. तुमच्या कारखान्याच्या मळीला इथं गिऱ्हाईक आहे, चेअरमनला सांग, पुढच्या निवडणुकीत जाहीरनाम्यात घालतील.

साखळी ताणता ताणता सई म्हणाली, बाबा, हे आपल्या कॅनास्टोटात सुचलंय. बाजूचंच गाव. तिथल्या हॅरी वीड नावाच्या माणसानं १९०४ साली टायरच्या साखळीचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी लोक चिखलातून मोटार काढायला चाकांना दोर, वेली गुंडाळायचे, ते पाहून त्याला कल्पना आली. ती उत्साहानं सांगत होती आणि माझे हात थांबले. चिखल, दोर, चाक.

आता ते भांडण पुन्हा काढतोच, कारण त्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तेराव्याला तू म्हणालास, चिखलणीच्या त्या लोखंडी केजव्हीलनं तात्यांना मारलं. दोन्ही केजव्हील भंगारात घातलीस आणि तेव्हापासून चिखलणी दुसऱ्याकडून करून घेतोस. मी म्हणालो होतो, केजव्हीलनं नाही, रुतलेल्या चाकाला बांधलेल्या वाशानं. केजव्हील चिखलात फिरतं. वासा बांधला की चाक फिरायचं थांबतं, इंजिनचा जोर मात्र कुठंतरी जायलाच हवा. चाक फिरत नाही म्हटल्यावर अख्खा ट्रॅक्टर आसाभोवती फिरतो आणि तोंड वर येतं. माणसाला क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. तू मला तेव्हा म्हणालास, तू पुस्तकातलं बोलतोस, तुला काय, तू जाणारच आहेस. मी गेलो. पण माझं म्हणणं आजही तेच आहे, दत्त्या, आणि तुला ते पटावं असं मला आजही फार वाटतं. तुझ्या हातांनी त्या दिवशी केजव्हील चढवली होती म्हणून तू ते ओझं वाहतोयस. त्या केजव्हीलचा दोष नव्हता.

तरी शनिवारी चाकाला लोखंड बांधताना माझ्याच पोटात गोळा आला. सईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. अडकलीस तर रिव्हर्स. रिव्हर्सनं निघत नसेल तर इंजिन बंद, खाली उतर, फोन कर. चाकाला काहीही बांधायचं नाही. रात्रीतून साखळ्या बर्फात गोठून बसल्या तर आधी खोऱ्यानं मोकळ्या करायच्या, मगच हलवायचा. कमान उभी, पट्टा बांधलेला, बकेट जमिनीलगत, उतारावर सरळ खाली, सरळ वर, आडवं कधीच नाही. तात्यांच्या ट्रॅक्टरला तसली कमान नव्हती, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हणजे मी चालवू ना? मी म्हणालो, बघू.

रात्रपाळी मार्चपर्यंत आहे. पहाटे बर्फ काढायला माणूस लावणं जमेल, पण ट्रॅक्टरवर तिचा हात माझ्यापेक्षा शांत आहे, हे मी त्या खुणांत पाहिलंय. तिला नाही म्हणालो तर ती नीट चालवत नाही म्हणून नसेल, मी घाबरतो म्हणून असेल. आणि हो म्हणालो, तर त्या उतारावर बर्फ पडेल त्या प्रत्येक रात्री मी कारखान्यात घड्याळाकडं बघत उभा असेन.

तुझं कळव. धाकट्याच्या भरतीचं काय झालं? घनसाळ भात किती उतरला? आजऱ्याच्या घरावर कौलं घातलीस की पत्रा? वहिनींच्या गुडघ्याला तेल बंद करून डॉक्टरला दाखव. उसाला तोड आली नसेल तर कारखान्याच्या चिटबॉयच्या पाया पडायला मी येत नाही, तुझा तूच जा.

पण आधी सईचं सांग. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला तू बांधावरून बघून ओळखतोस, शाळेपासून पाहत आलोय. तिचा एक व्हिडिओ पाठवतोय, साखळ्या चढवून उतार उतरतानाचा. दोनदा बघ. तिचे हात बघ, नजर कुठं आहे ते बघ. तू नाही म्हणालास तर मी माणूस लावतो. हो म्हणालास तर किल्ली तिच्याकडं, आणि मग मी तुला पहाटे फोन केले तर उचलायचे.

तुझा,
विन्या

ता. क. केजव्हील पुन्हा घेणार असशील तर अर्धे पैसे माझे.